गोळी तीच, गुण निराळा

औषधाच्या पाकिटावर औषधाचे नाव असते आणि नावाशेजारी एक आकडा असतो. ‘डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम’ एवढी अक्षरे वाचली की रुग्णाचे समाधान होते. डॉक्टरांनी लिहून दिले तेच औषध आले, सांगितले तेवढेच आले. मग ते कोणत्या कारखान्यातून आले, गोळी पांढरी आहे की पिवळसर, पाकीट जुने आहे की नवे, याची चौकशी कोण कशाला करील? पाव शेर साखर कोणत्याही दुकानातून आणली तरी ती पाव शेरच भरायची, असाच हा हिशेब आहे.

साखरेच्या बाबतीत हा हिशेब बरोबर असला, तरी औषधाच्या बाबतीत तो अर्धाच खरा असतो. पाकिटावरचा आकडा गोळीत किती औषध घातले आहे हे सांगतो. त्यातले रक्तात किती उतरेल, हे तो सांगत नाही. गोळी पोटात जाते, फुटते, तिच्यातील औषध आतड्यातील रसांत विरघळते, मग ते आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जाते आणि यकृताचा उंबरठा ओलांडून रक्ताच्या प्रवाहात मिसळते. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला काही ना काही मागे राहते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे मराठीत म्हणतात. परंतु आडात पाणी भरपूर आहे आणि तरीही पोहऱ्यात ते येत नाही, असाही प्रसंग असतो. डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाच्या बाबतीत तो प्रसंग काही काळ साऱ्या वैद्यकजगतापुढे उभा राहिला होता, आणि त्यातून औषधे तपासण्याची रीतच बदलून गेली.

या औषधाचे मूळ एका रानफुलात आहे. युरोपात उगवणाऱ्या डिजिटॅलिस नावाच्या झाडाला घंटेसारखी जांभळी फुले येतात. त्यात बोट सहज शिरावे अशी त्यांची घडण असते, आणि बोटाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच झाडाचे हे नाव पडले. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात एक वृद्ध स्त्री अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांना घरगुती काढा देत असे, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही त्याने बरे होत. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरांना त्या काढ्याविषयी मत विचारण्यात आले. काढ्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. वनस्पतिशास्त्राचा उत्तम व्यासंग असलेल्या विदरिंग यांनी त्यांतून डिजिटॅलिस नेमके हेरले, दहा वर्षे त्याचा वापर करून पाहिला आणि १७८५ साली आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्या ग्रंथात यशाइतकीच चिंताही आहे, आणि ती मात्रेची आहे. थोडे कमी पडले तर सूज उतरत नाही. थोडे अधिक झाले तर रोग्याला मळमळते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे हिरवे-पिवळे दिसू लागते, नाडी मंदावते, आणि मृत्यूही ओढवतो. शिवाय झाडाच्या पानाचा जोम वर्षभर सारखा राहत नाही, हे विदरिंग यांच्या लक्षात आले होते. म्हणून पाने झाडाला फुले येण्याच्या वेळी तोडावीत, वाळवावीत आणि त्यांची पूड मोजून द्यावी, असा दंडक त्यांनी घालून दिला. एकाच नावाच्या दोन पुड्यांचा गुण एकच असेल असे धरून चालू नये, हा धडा या औषधाच्या पहिल्याच ग्रंथात आहे.

असल्या द्रव्यांची धास्ती मराठी मुलखालाही ठाऊक आहे. कुंपणाला लावलेली पिवळ्या फुलांची बिट्टी आणि डोंगरउतारावर उगवणारा कोळकांदा या दोहोंत डिजिटॅलिसच्याच जातकुळीची, हृदयावर थेट परिणाम करणारी द्रव्ये असतात. बिट्टीची बी पोटात गेली तर जीव जातो, हे खेड्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. जे मारते तेच मोजून दिले तर तारते, एवढाच काय तो विष आणि औषध यांतील फरक. हे मोजणे चुकले तर फरक उरत नाही.

पुढची दीडशे वर्षे डॉक्टरांनी पानांच्या पुडीवरच काम भागवले. तिचा जोम ठरवण्यासाठी बेडूक, मांजर, कबूतर अशा प्राण्यांवर ती आजमावून पाहिली जात असे. १९३० साली सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने डिजिटॅलिसच्या लोकरी पानांच्या एका जातीपासून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले. आता पानांचा हंगाम पाहण्याची गरज उरली नाही आणि बेडकांचीही उरली नाही. शुद्ध द्रव्य तराजूवर तोलावे आणि गोळीत घालावे, एवढेच काम राहिले. मात्रेचा प्रश्न कायमचा सुटला, असे सर्वांना वाटले, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

डिगॉक्सिन दोन कामे करते. हृदयाच्या पेशीतून सोडियम बाहेर फेकणारा एक सूक्ष्म पंप असतो. त्याला ते थोडा आवर घालते. त्यामुळे पेशीत कॅल्शियम साठते आणि दुबळ्या हृदयाचे आकुंचन अधिक जोमदार होते. दुसरे म्हणजे, हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरू लागले की त्यांच्याकडून खाली येणाऱ्या संदेशांची गर्दी ते कमी करते आणि धावणारी नाडी आटोक्यात आणते. भारतात लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले असंख्य रुग्ण आहेत. अशा रुग्णाची नाडी बेताल झाली की ही छोटीशी स्वस्त गोळी आजही त्याच्या हाती दिली जाते.

परंतु या औषधाचा लाभ आणि धोका यांमधील पट्टी फार अरुंद आहे. रोजची गोळी पाव मिलिग्रॅमची, अनेक वृद्धांना तर त्याच्याही निम्मी. रक्तातील त्याचे प्रमाण मोजायचे ते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे दोन नॅनोग्रॅमच्या वर प्रमाण गेले की विषबाधेची भीती सुरू होते. दुबळ्या हृदयासाठी सुमारे अर्धा ते नऊ दशांश नॅनोग्रॅम पुरेसे आहे, असे आजचे मत आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६,८०० रुग्णांवरील मोठ्या परीक्षणात या औषधाने मृत्यूंची संख्या घटली नाही, मात्र रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले. त्याच आकड्यांचा पुढे अधिक बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा रक्तातील प्रमाण जितके बेताचे तितके बरे, असे दिसून आले. इतक्या बारीक हिशेबाच्या औषधात गोळीगणिक दुप्पट-चौपट फरक पडू लागला तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

तो फरक पडत होताच. पण तो दिसत नव्हता. एखादा रुग्ण नेमाने गोळ्या घेऊनही सुधारत नसे. दुसऱ्याला त्याच मात्रेने विषबाधा होई. अशा वेळी दोष रोगाला, वयाला, मूत्रपिंडाला, नाही तर गोळ्या चुकवणाऱ्या रुग्णाला दिला जाई. ही कारणेही कित्येकदा खरी असत, म्हणून खऱ्या कारणाकडे लक्ष जात नसे. आणखी एक अडचण अशी की या औषधाची विषबाधा आणि मूळचा रोग यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. भूक गेली, मळमळू लागले, नाडी बेताल झाली, तर औषध कमी पडले की जास्त झाले? डॉक्टरांचा तर्क चुकला तर उपाय नेमका उलटा व्हायचा.

१९६९ साली अमेरिकेत टॉमस स्मिथ, व्हिन्सेंट बटलर आणि एडगर हेबर यांनी रक्तातील डिगॉक्सिन मोजण्याची एक सुलभ पद्धत प्रसिद्ध केली. डिगॉक्सिनला नेमके ओळखून धरणारी प्रतिद्रव्ये प्राण्यांच्या शरीरात तयार करून घ्यायची आणि किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने त्यांनी किती औषध धरले ते मोजायचे, असे तिचे सूत्र होते. जे आजवर तर्काने ठरवावे लागे ते आता थोड्याशा रक्तावरून आकड्यात समजू लागले.

हे साधन हाती येताच दोन वर्षांत मोठा उलगडा झाला. न्यूयॉर्कमध्ये जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन कारखान्यांच्या मिळून चार प्रकारच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या घेतल्या. चार निरोगी माणसांना त्या आळीपाळीने दिल्या. प्रत्येक वेळी औषधाची मात्रा एकच, अर्धा मिलिग्रॅम. माणसे तीच, मात्रा तीच. बदलली ती फक्त गोळी. १९७१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा औषधशास्त्र हादरले. एका गोळीने रक्तात औषधाची जी कमाल पातळी गाठली ती दुसरीच्या तुलनेत सातपटीपर्यंत अधिक होती. गोळ्यांतील औषधाच्या वजनात जो किरकोळ फरक होता त्याने एवढ्या तफावतीचा खुलासा होत नव्हता. आणखी एक गोष्ट त्यात आढळली. एकाच कारखान्याच्या दोन वेगवेगळ्या घाण्यांतील गोळ्यांतही मोठा फरक होता. म्हणजे नामांकित कारखाना धरून राहिले की झाले, असे म्हणण्याचीही सोय उरली नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर स्वयंपाकघरातच सापडते. कपभर पाण्यात खडीसाखरेचा एक खडा टाकला आणि दुसऱ्या कपात तेवढ्याच वजनाची पिठीसाखर टाकली, तर पिठीसाखर चमचा फिरवताच दिसेनाशी होते आणि खडा कितीतरी वेळ तळाशी राहतो. साखर तीच आणि वजनही तेच असते. फरक असतो तो पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागाचा. एका ठोकळ्याची प्रत्येक बाजू दहा भागांत कापली तर त्याचे हजार छोटे ठोकळे होतात आणि एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. साखर तर निदान पाण्यात झटकन विरघळणारी आहे. डिगॉक्सिन पाण्यात फारच थोडे विरघळते. त्याचे कण भरड असले तर ते पुरते विरघळण्यापूर्वीच आतड्यातून पुढे सरकतात आणि मलावाटे निघून जातात. कण बारीक दळलेले असले तर बरेचसे औषध रक्तात उतरते.

शिवाय पाव मिलिग्रॅम औषध म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा कण. त्याची गोळी करायची तर त्यात दुधातली साखर, पिष्ट आणि इतर निरुपद्रवी भर घालावी लागते. ही भर कोणती, ती औषधात कशी घोटली, गोळी यंत्रात किती दाबाने आवळली, या सर्व गोष्टींचा परिणाम औषध सुटण्यावर होतो. त्या काळी गोळी पाण्यात किती मिनिटांत फुटते हे तपासले जाई. पण गोळी फुटणे वेगळे आणि तिच्यातील औषध विरघळणे वेगळे. पोते फाटले की दाणे बाहेर पडतात. पण बाहेर पडलेले दाणे काही आपोआप पीठ होत नाहीत. परीक्षा पोत्याची चालली होती, दाण्यांकडे कोणी पाहत नव्हते.

या ज्ञानाची किंमत रुग्णांना मोजावी लागली, आणि ती दोन्ही बाजूंनी. ब्रिटनमध्ये ज्या नावाने डिगॉक्सिन सर्वाधिक खपत असे, त्या लॅनॉक्सिन गोळ्यांच्या निर्मितीत १९६९च्या सुमारास एक बदल झाला होता आणि त्यामुळे त्यांतील औषध रक्तात कमी उतरू लागले होते. डॉक्टरांनी नकळत रुग्णांच्या मात्रा त्या दुबळ्या गोळ्यांशी जुळवून घेतल्या. मे १९७२ मध्ये ही निर्मिती पुन्हा सुधारण्यात आली आणि नव्या गोळ्यांतून औषध जवळजवळ दुप्पट उतरू लागले. गोळी सुधारली खरी; पण जुन्या गोळीच्या हिशेबाने वाढवलेली मात्रा घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ती सुधारणाच धोक्याची होती. म्हणून डॉक्टरांना सावध करावे लागले. १९७५ साली इस्रायलमध्येही असेच झाले. एका स्थानिक कारखान्याने गोळी अधिक लवकर विरघळावी म्हणून तिची घडण बदलली, पण हा बदल डॉक्टरांच्या कानी गेला नाही, आणि डिगॉक्सिनच्या विषबाधेचे रुग्ण एकाएकी वाढले. पाकिटावरचा आकडा पूर्वीचाच होता.

या दोन्ही घटनांत गोळी बिघडली नव्हती, उलट ती सुधारली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वाईट गोळी एकसारखी वाईट असती, तरी डॉक्टर तिच्याशी जुळवून घेऊ शकले असते. रुग्णाला अपाय झाला तो न सांगता झालेल्या बदलामुळे.

या अनुभवानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७४ साली डिगॉक्सिनच्या गोळ्यांसाठी विशेष नियम केले. गोळी शरीराच्या उष्णतेएवढ्या द्रवात ठेवून, द्रव ठरावीक वेगाने ढवळून, ठरलेल्या वेळात तिच्यातील किती औषध विरघळते हे प्रत्येक घाण्यासाठी तपासणे बंधनकारक झाले. पुढे १९७७ साली एक व्यापक तत्त्व नियमांत आले. नवी गोळी मूळ गोळीइतकीच गुणकारी आहे असे म्हणायचे असेल, तर ती माणसांना देऊन, ठरावीक अंतराने त्यांचे रक्त तपासून, दोहोंतून रक्तात उतरणारे औषध आणि त्याचा वेग सारखा आहे असे दाखवले पाहिजे. याला जैवसमतुल्यता असे नाव आहे. अंकशास्त्रीय चुकीची शक्यता हिशेबात धरूनही नव्या आणि मूळ गोळीचे गुणोत्तर शेकडा ८० ते १२५ या मर्यादेत बसावे, अशी सर्वसाधारण अट आज जगभर मानली जाते. ज्यांची पट्टी अरुंद आहे अशा औषधांसाठी काही देशांत ही मर्यादा आणखी आवळलेली आहे.

भारतात औषधांचा मूळ कायदा १९४० सालचा. औषध शुद्ध असावे, लेबलाप्रमाणे असावे, भेसळीचे नसावे, यावर त्याचा मुख्य भर होता. एप्रिल २०१७ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली. जी औषधे पाण्यात कमी विरघळतात त्यांच्या तोंडाने घेण्याच्या गोळ्या तयार करण्याचा परवाना मागताना जैवसमतुल्यतेची परीक्षा सादर करणे तेव्हापासून आवश्यक झाले. ज्या देशातून साऱ्या जगाला स्वस्त औषधे जातात, त्या देशाने आपल्या नागरिकांसाठी ही अट घालणे महत्त्वाचे होते. नियम कागदावर उतरला तरी त्याचे पालन प्रत्येक राज्यात, प्रत्येक कारखान्यात आणि प्रत्येक घाण्यात होते की नाही, हे पाहणारी नजर सतत जागी असावी लागते.

गोळीइतकाच मोठा वाटा माणसाच्या शरीराचाही आहे. लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की काही माणसे गिळलेल्या डिगॉक्सिनचा बराच भाग निष्प्रभ रूपात बाहेर टाकतात. हे काम त्यांच्या आतड्यात वस्ती करून असलेले जीवाणू करतात, हे १९८१ साली स्पष्ट झाले. असे जीवाणू मारणारे प्रतिजैविक औषध दुसऱ्याच कारणासाठी दिले गेले, तर डिगॉक्सिनचा हा भक्षक नाहीसा होतो आणि रक्तातील पातळी एकदम चढते. १९८९ साली दक्षिण भारतातील आणि न्यूयॉर्कमधील निरोगी माणसांची याच बाबतीत तुलना प्रसिद्ध झाली. औषध असे निष्प्रभ करणाऱ्यांचे प्रमाण न्यूयॉर्ककरांपेक्षा दक्षिण भारतीयांत बरेच कमी होते. आणि भारतीयांतही खेड्यातील लोकांत ते शहरातील लोकांपेक्षा कमी होते. जे आतड्यात राहतात ते अन्नपाण्यावर आणि राहणीवर अवलंबून असतात, आणि औषधाचे भवितव्य त्यांच्यावर. अमेरिकेत ठरलेली मात्रा जशीच्या तशी उचलून भारतीय खेड्यात लागू करू नये, याला हे एक भक्कम कारण आहे.

सोबतच्या औषधांचीही ढवळाढवळ असते. पोटातील आम्लावर घेतलेली काही पातळ औषधे आणि भरपूर कोंडा असलेले जेवण यांमुळे डिगॉक्सिनचे शोषण घटू शकते. उलट क्विनिडीनसारख्या हृदयाच्याच दुसऱ्या औषधाने त्याची पातळी वाढते. खुद्द डिगॉक्सिनही निरनिराळ्या रूपांत निरनिराळे उतरते. सर्वसाधारण गोळीतून त्याचे शेकडा ६० ते ८० भाग रक्तात पोहोचतात, पातळ औषधातून थोडे अधिक, तर आत विरघळलेले औषध भरलेल्या मऊ कुपीतून जवळजवळ सगळे. म्हणून एक रूप सोडून दुसरे सुरू करताना केवळ मिलिग्रॅमचा आकडा जुळवून चालत नाही.

हृदयाच्या इतर औषधांतही हाच नियम निरनिराळ्या वेषांत भेटतो. छातीत कळ आली की नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवण्यास सांगतात, कारण ती गिळली तर यकृत बहुतेक औषध वाटेतच नष्ट करते. रक्तदाबाची काही औषधे दिवसभर हळूहळू सुटावीत अशा बेताने गोळीत बांधलेली असतात. गिळायला सोपी पडावी म्हणून घरच्यांनी ती खलबत्त्यात कुटून दिली, तर दिवसभराचे औषध एकाच वेळी सुटते आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो. घडण हा औषधाचाच एक भाग आहे, हे अशा वेळी कळते.

या सर्वांतून एक वाद उभा राहतो, आणि तो सामान्य माणसाच्या खिशाशी निगडित आहे. महागड्या नावाची गोळी घ्यावी, की मूळ औषधाच्या नावाने मिळणारी स्वस्त? १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने भारतातील औषधांना दिलेली व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने कमी करावीत अशी शिफारस केली होती. २००८ सालापासून स्वस्त जनऔषधी दुकानांची योजना सुरू झाली. या योजनांना विरोध करणारे डिगॉक्सिनची कथा हटकून सांगतात आणि स्वस्त गोळीचा भरवसा काय, असे विचारतात. त्या कथेचा पूर्वार्ध त्यांच्या बाजूने आहे. उत्तरार्ध मात्र नाही. १९७१ साली एकाच कारखान्याचे दोन घाणे एकमेकांशी जुळले नव्हते. ब्रिटनमधली गोळी तर सर्वांत नामवंत होती. तेव्हा नाव मोठे म्हणून भरवसा ठेवावा असे या इतिहासात काही नाही, आणि किंमत कमी म्हणून संशय घ्यावा असेही काही नाही. भरवसा ठेवायचा तो परीक्षेवर. परीक्षेला उतरलेली स्वस्त गोळी ही गरीब रुग्णाची खरी मिळकत आहे. परीक्षा न झालेली गोळी, मग ती कितीही महाग असो, अंधारात मारलेला दगड आहे.

राहता राहिला रुग्ण. समजा, एक निवृत्त गृहस्थ पुण्यास राहतात. हिवाळ्यात मुलाकडे बडोद्यास जातात आणि उन्हाळ्यात मुलीकडे हैदराबादेस. प्रत्येक गावी दुकानदार त्यांना डिगॉक्सिन देतो, पण पाकीट दर वेळी निराळे. त्यांना भ्यायचे कारण नाही; मात्र दक्ष राहायला हवे. हे औषध रक्तातून निम्मे व्हायला सुमारे दीड ते दोन दिवस लागतात, आणि नव्या गोळीची पातळी स्थिर व्हायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून आज बदललेल्या पाकिटाचा परिणाम उद्या दिसत नाही. तो आठ-दहा दिवसांनी दिसतो, आणि तोपर्यंत पाकीट बदलले होते हे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. मूत्रपिंडे मंदावलेली असली तर हा काळ आणखी लांबतो. अशा गृहस्थांनी जुन्या पाकिटाचा कागद जपून ठेवावा, शक्यतो एकाच कारखान्याची गोळी चालू ठेवावी, आणि ती बदलावीच लागली तर बदलाची तारीख लिहून डॉक्टरांना दाखवावी. अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली, डोळ्यांपुढे पिवळे दिसू लागले किंवा नाडी फार मंदावली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. आपल्या मनाने गोळी वाढवू नये आणि सोडूही नये.

औषध देणाऱ्या डॉक्टरांनीही रुग्ण सुधारत नसला की रोगाबरोबर गोळीचाही विचार करावा. दुकानदाराने पाकीट बदलून देताना तसे तोंडाने सांगावे. कारखान्याने घडण बदलली तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. यांतले एकही काम खर्चाचे नाही. विदरिंग यांनी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाने तोडण्याचा हंगाम लिहून ठेवला, तो आपल्यामागून येणाऱ्या डॉक्टरांची मात्रा चुकू नये म्हणून. आज पानांची जागा यंत्रातून निघणाऱ्या पांढऱ्या गोळीने घेतली आहे. पण ती कोठून आली आणि तिच्यात काय बदलले, हे लिहून ठेवण्याची गरज तेवढीच आहे.